आईच्या जुन्या साड्यांचा तुकडेजोड बोहेमियन स्कर्ट: माझं गणित कुठं चुकतंय?

सुईदोरा, राजारामपुरी
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. परकर, झबली, ब्लाउज, उशांचे अभ्रे हे सगळं मी घरच्या पायमशीनवर शिवते. पण गेले पंधरा दिवस एका स्कर्टपाशी अडकले आहे. आता कुणाला तरी विचारल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

लेक कॉलेजला आहे. तिला तो बोहेमियन स्कर्ट हवाय. वेगवेगळ्या कापडांचे चौकोन जोडून केलेले थर, प्रत्येक थराला चुण्या आणि खाली भरपूर घेर. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या दोन इरकली, तीन साध्या सुती साड्या आणि ब्लाउजचे उरलेले खणाचे चार तुकडे ट्रंकेत होते. लेक म्हणाली, आज्जीच्या साड्यांचाच कर. मला ते मनापासून पटलं. ट्रंकेत ठेवून तरी त्या विरणारच होत्या.

मी सहा इंचाचे चौकोन कापले. बारा चौकोनांचा पहिला थर, म्हणजे ७२ इंच भरायला हवा होता. जोडून टेप लावला तर ६०! दुसऱ्या थरालाही तसंच. वरच्या थरालाच इलास्टिक घातलं, तर स्कर्ट कंबरेवर थांबेचना, वजनानं खाली ओढला जातोय. आणि चुण्या जिथं जोडावर येतात तिथं कापडाचा गठ्ठा होतो. दोन सुया मोडल्या. चुण्यांचा दोरा ओढताना तुटला तो वेगळाच.

तीस चौकोन कापून झालेत. बाकीच्या साड्यांना अजून कात्री लावलेली नाही, आणि आता लावायला हात धजत नाही. लेकीची मापं: कंबर २८, सीट ३८, कंबर ते घोटा ३६ इंच.

गणितमास्तर, शिवाजी पेठ
मंगळवार, रात्री १०.१५

ताई, तुमचे १२ इंच मायेत, म्हणजे शिवणीच्या आत दबणाऱ्या कडेत गेले. प्रत्येक चौकोनाला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच माया दाबली, की सहाचा चौकोन पाचाचा राहतो. बारा पंचे साठ. तुमचं शिवण चोख आहे, टेपनं तेच सांगितलं.

तेव्हा आधी तयार माप ठरवा आणि मग त्यात एक इंच मिळवून कापा. सात इंच तयार हवा असेल तर आठ इंच कापायचा. उंचीलाही हाच नियम, तिथंही वर-खाली माया जातेच.

मी शिक्षक होतो, शिंपी नव्हे. पण सौ. शिवायच्या तेव्हा बेतायचं गणित माझ्याकडे असायचं. थरांचं उद्या सकाळी मांडून देतो.

शिंपीमामा, मंगळवार पेठ
मंगळवार, रात्री १०.५०

ताई, मास्तरांनी मायेचं बरोबर सांगितलं. मी कंबरेचं सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे.

असला स्कर्ट तुकड्यांच्या थरापासून सुरू करायचाच नसतो. वर सात-आठ इंचाचा साध्या, घट्ट विणीच्या कापडाचा योक पाहिजे. कंबरेपासून सीटपर्यंत सपाट. सगळा भार त्या योकवर येतो, इलास्टिकवर नाही. आपल्या इचलकरंजीचं पॉपलिन घ्या, मीटरभर आणलं तरी पुरून उरतं. धुवूनच घ्या. घेर सीटच्या मापापेक्षा पाच-सहा इंच जास्त ठेवा, म्हणजे चेन नको, डोक्यावरनं नाहीतर पायातनं सहज जातो. ३८ सीटला ४४ घेर.

नेफा दीड इंचाचा करा, त्यात एक इंची इलास्टिक. आणि त्याच नेफ्यात नाडीपण घाला. पुढं मधोमध दोन काजं करून नाडी बाहेर काढा. इलास्टिक शरीराला धरतं, नाडी वजन धरते. पाण्यात भिजल्यावर हे कापड किती जड होतंय बघा, मग नाडीचं महत्त्व कळेल.

योकला तुमच्या चौकोनातल्याच एखाद्या रंगाशी मिळतं कापड घ्या. वर टॉप येणार, कुणाला दिसत नाही.

कागलच्या काकू
बुधवार, सकाळी ७.३०

अगं पोरी, आईच्या साड्या म्हणालीस म्हणून लिहिते. मी आजवर कितीतरी वाकळा शिवल्या. वाकळेत विरलेलं कापड चालतं, कारण ते थरावर थर बसतं आणि धावदोरा सगळ्याला धरून ठेवतो. स्कर्टात कापड एकेरी. तिथं विरलेलं चालणार नाही.

कापायच्या आधी एकेक साडी खिडकीत उजेडासमोर धर. जिथं उजेड जास्त पाझरतोय तिथं सूत गेलेलं आहे. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघ. चरचर आवाज आला की तो भाग सोडून द्यायचा. निऱ्यांच्या ठिकाणी आणि बसायच्या जागी साडी आधी जाते. आतलं टोक, जे कंबरेत खोचलं जातं, ते बऱ्याचदा नव्यासारखं असतं. पदराच्या मागचाही वार-दीड वार चांगला निघतो.

एखादा तुकडा विरलाय पण टाकवत नाही, असं होणारच. त्याला मागनं मलमलचा तेवढाच चौकोन लाव, चारी कडांना हातानं धावदोरा घाल, आणि मग तो जोड. मलमलही भिजवून वाळवलेलं पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात मागचं आटतं आणि पुढचं फुगतं.

निपाणीची लेक
बुधवार, सकाळी ९.०५

इरकल आणि खण वापरणार आहात तर दोन गोष्टी.

इरकलीचं अंग तुमच्या साड्यांसारखं सुती असलं तरी पदर बहुतेक रेशमी असतो. विणतानाच अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फाशांनी एकमेकांत अडकवतात, त्याला टोपे-टेनी म्हणतात. तो जोड चौकोनाच्या मधे आला तर एका तुकड्यात सूत आणि रेशीम दोन्ही येतात. दोन्हींचं आटणं वेगळं, इस्त्री वेगळी. म्हणून पदर वेगळा काढा आणि अंगाचे चौकोन वेगळे पाडा. काठ मात्र सोडू नका. आठ इंची चौकोनात तीन-चार इंच काठ आडवा येऊ द्या. सगळ्यात खालच्या थरात असे चौकोन एकाआड एक लावले तर जुन्या परकराची शोभा येते.

खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. त्याच्या कापलेल्या कडेचे धागे फार सुटतात. कापल्या कापल्या पिको करून घ्या, नाहीतर जोडेपर्यंत पाव इंच माया गळून जाईल.

आणि रंग! लाल, मरून, काळपट निळा, प्रत्येक कापड वेगवेगळं तपासा. पांढरा रुमाल गरम पाण्यात भिजवून त्या कापडावर ठेवा आणि वरनं इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर तो चौकोन पांढऱ्याशेजारी लावू नका.

रंकाळावेस
बुधवार, सकाळी ९.४०

रंगासाठी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. आमच्याकडे असंच करतात.

निपाणीची लेक
बुधवार, सकाळी १०.१०

दादा, तसं सगळीकडेच करतात, पण कापड एकदा रंगवून झाल्यावर मिठानं रंग पक्का होत नाही. मिठाचं काम रंगवताना, रंगाच्या हंड्यात असतं. सुटा रंग घालवायला साध्या पाण्याच्या दोन-तीन धुलाया बऱ्या. पाणी नितळ निघेपर्यंत.

गणितमास्तर, शिवाजी पेठ
बुधवार, सकाळी ११.३०

आता थरांचं गणित. शिंपीमामांचा योक धरून चालतो.

योक तयार आठ इंच. खाली सात-सात इंचाचे चार थर. आठ अधिक अठ्ठावीस, बरोबर छत्तीस. उंची जुळली. योक कापताना वर नेफ्याला दीड इंच आणि खाली मायेला अर्धा इंच धरून दहा इंच उंच कापा. रुंदीला ४४ मध्ये एक इंच माया मिळवा.

घेराचा रिवाज असा की प्रत्येक थर वरच्याच्या दीडपट. ४४ ची दीडपट ६६, सातानं भागलं की साडेनऊच्या आसपास, म्हणजे १० चौकोन. मग १५. मग साडेबावीसचे २३. मग ३४. एकूण ८२ चौकोन. शेवटचा घेर ३४ गुणिले ७, २३८ इंच, म्हणजे सहा मीटर. ४४ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, आठाचे पाच चौकोन बसतात, तेव्हा नवं कापड असतं तर साडेतीन मीटर लागलं असतं.

दुप्पट घेराच्या मोहात पडू नका. १२, २४, ४८, ९६ असं वाढत जातं. शिवाय दुप्पट चुण्यांत चौकोन मिटून जातो, नक्षी दिसतच नाही.

तुमच्याकडे चांगल्या कापडाचे किती चौकोन निघतात ते मोजून कळवा. ८२ न निघाले तर पट कमी करून देतो.

पुण्यात गेलेली कोल्हापूरकरीण
बुधवार, दुपारी १.२०

किती छान चाललाय धागा! कापण्याची एक पद्धत सांगते, तिनं निम्मा वेळ वाचतो.

चौकोन एकेक कापू नका. आठ इंच रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा. सुती कापड धाग्यावर सरळ फाटतं, खडूनं आखण्यापेक्षा सरळ. वेगवेगळ्या पाच कापडांच्या पट्ट्या लांबीनं एकमेकींना जोडा. तयार झालेलं कापड आडवं करून त्याच्या पुन्हा आठ-आठ इंचाच्या पट्ट्या कापा, या वेळी कात्रीनंच. प्रत्येक पट्टीत पाच चौकोन आपोआप जोडलेले मिळतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेमिनोल बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातमशीनवर हीच युक्ती वापरून झग्यांचे आणि स्कर्टांचे पट्टे केले. त्यांचे तुकडे तर बोटाएवढे बारीक असतात.

बोहेमियन शब्दाचं मूळही मजेशीर आहे. बोहेमिया हा आजच्या चेक देशाचा भाग. रोमा भटके लोक तिथून आले अशा समजुतीनं फ्रेंच लोक त्यांना बोहेमियन म्हणू लागले. पुढं एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या फटकळ, फाटक्या खिशाच्या चित्रकार-कवींना तेच नाव पडलं, आणि १९६०-७० च्या दशकात हिप्पी मंडळींनी तुकड्यांचे कपडे अंगावर मिरवले. रोमांची भाषा आपल्या हिंदी-मराठीच्याच कुळातली आहे. त्यामुळे इरकलीचा बोहेमियन स्कर्ट मला तरी परका वाटत नाही.

उद्यमनगर मिस्त्री
बुधवार, सायंकाळी ६.४५

मशीनची कामं करतो, म्हणून सुयांबद्दल. ताई, बारीक सुई असणार तुमची. साध्या दोन पदराला १४ नंबर चालते. जिथं चुण्या आणि जोड एकत्र येतात तिथं पाच-सहा पदर होतात, तिथं १६ लावा. आणि अशा जाड जागी पायानं मशीन हाणू नका. चाक हातानं फिरवून सुई एकेक टाका पार करा. मशीनचा फूट मागं कलला तर टाका अडतो, मग त्याच्या मागं कापडाची घडी सरकवा म्हणजे फूट आडवा राहतो. बॉबिनची केस काढून आतला धुरळा ब्रशनं झाडा, जुन्या सुती कापडाचा लई कचरा बसतोय.

शिंपीमामा, मंगळवार पेठ
बुधवार, रात्री ८.३०

चुण्यांचं राहिलं होतं. चौकोन जोडल्यावर माया एका अंगाला पाडू नका. उघडून दोन्ही बाजूंना इस्त्रीनं बसवा. गठ्ठा निम्मा होतो.

चुण्यांसाठी टाका सगळ्यात मोठा करा, वरचा ताण जरा सैल. दोन टिपा मारा, एक काठापासून पाव इंचावर, दुसरी पाऊण इंचावर. ओढायचा तो बॉबिनचा दोरा, दोन्ही टिपांचा एकदम. पक्की टीप येईल दोन्हींच्या मधोमध, अर्ध्या इंचावर. नंतर पाऊण इंचावरची उसवून टाका.

दोरा तुटतो कारण तुम्ही सगळा थर एका दमात ओढताय. थराचे आठ भाग करा, खुणा करा. वरच्या थराचेही आठ भाग करा. प्रत्येक भागाची टीप वेगळी सुरू आणि वेगळी बंद. मग खुणेला खूण टाचणीनं लावायची आणि मधलं तेवढंच ओढायचं. चुण्या सारख्या बसतात आणि दोरा तुटला तरी एकाच भागाचं काम पुन्हा करावं लागतं.

जोडाच्या अगदी वर चुणी येऊ देऊ नका. नखानं अर्धा इंच इकडं-तिकडं सरकवा.

सुईदोरा, राजारामपुरी
शुक्रवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस फक्त धुणं, वाळवणं आणि उजेडासमोर धरणं चाललं होतं. या पावसात एक साडी वाळायला दीड दिवस. घरभर दोऱ्या.

काकू, तुम्ही सांगितलंत तसंच निघालं. एक साधी सुती साडी पूर्ण गेली होती, नुसती ताणली तर चरचरली. ती बाजूला ठेवली. मरून इरकलीनं तीन पाणी रंग सोडला, चौथं नितळ निघालं. आतलं टोक अगदी करकरीत होतं.

मास्तर, आठ इंची चौकोन निघाले ६४. त्याहून एकही जास्त नाही. खणाचे त्यात आठ आहेत.

आणि एक विचारायचं आहे. हिरव्या इरकलीत एका जागी आईनं रफू केलेलं सापडलं. रुपयाएवढं, पण हिरवा दोरा मिळाला नसणार, म्हणून पोपटी दोऱ्यानं उभे-आडवे टाके घालून विणकरानं विणावं तसं भरलंय. मागनं बघितलं तर एकसुद्धा गाठ नाही. तेवढा भाग ठेवू का? कापड तिथं नाजूक आहे.

कागलच्या काकू
शुक्रवार, रात्री १०.२०

ठेव. रफू मधोमध येईल असा चौकोन काप आणि मागनं मलमल लाव. चुण्यांत दडेल असा वरच्या काठाला घेऊ नकोस. आणि बसायच्या जागी नको, पुढच्या बाजूला ठेव.

गणितमास्तर, शिवाजी पेठ
शनिवार, सकाळी ८.००

६४ ला हे घ्या: ९, १३, १८, २४. बेरीज बरोबर चौसष्ट.

घेर अनुक्रमे ६३, ९१, १२६ आणि १६८ इंच. पट वरच्या दोन थरांना जवळजवळ १.४४, तिसऱ्याला १.३८, शेवटच्याला १.३३. वर जास्त, खाली कमी. खालचा घेर सव्वाचार मीटर होतो, चालायला मोकळा आणि आधीच्या हिशेबापेक्षा पुष्कळ हलका. चुण्या विरळ झाल्यामुळे नक्षीही उघडी राहील.

एक सूचना. शेजारच्या थरांचे बहुतेक जोड एकाखाली एक येणार नाहीत, कारण ९ खाली १३ आहेत. जुळवायच्या खटपटीत पडू नका.

निपाणीची लेक
शनिवार, सकाळी ९.१५

मास्तरांचा आकडा बघून आठवलं, खालच्या काठाला साडीचा फॉल लावा! सव्वाचार मीटरला दोन फॉल पुरतील. आतनं लावायचा, भिजवून वाळवलेला. दुमड घालायची गरज नाही म्हणून सातातला अर्धा इंचही वाचतो, आणि चपलेला घासून कापड झिजत नाही. लेक कोल्हापुरी घालत असेल तर तिच्या अंगठ्याच्या पट्ट्यात काठाचा दोरा हमखास अडकतो. फॉल असला की तिथं अडकायला सुटा धागाच उरत नाही.

आमच्याकडच्या सिद्दी बायका, उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातल्या, कवंदी नावाची गोधडी शिवतात. ती कडेकडून सुरू करून मध्याकडे जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी मानतात. काठाची एवढी निगा बघितल्यापासून मीही कुठलंही कापड काठाकडूनच तपासते.

सुईदोरा, राजारामपुरी
पुढचा रविवार, दुपारी ४.३०

झाला!

पॉपलिनचा मरून योक, नेफ्यात इलास्टिक आणि नाडी दोन्ही. पट्ट्यांची युक्ती सुती साड्यांना उत्तम लागू पडली. खण मात्र एकेक चौकोनच कापले आणि समोरच्या दुकानातून लगेच पिको करून आणले. आठ भागांच्या खुणांमुळे एकदाही दोरा तुटला नाही. सोळा नंबरच्या सुईनं जाड जोड पार केले, हातानं चाक फिरवत. शेवटच्या थराला सगळ्यात जास्त वेळ गेला, एक पूर्ण दुपार, नुसत्या चुण्या सरकवण्यात.

रफूचा चौकोन दुसऱ्या थरात, पुढं, डावीकडे. लेकीनं स्कर्ट घातला आणि पहिल्यांदा बोट तिथंच ठेवलं.

तीस सहा-इंची चौकोन उरलेत. त्यांतल्या चार चौकोनांचे दोन खिसे केले. योकच्या खालच्या टिपेत बसवले, फोन ठेवला तरी ओढत नाहीत. बाकीचे सव्वीस आणि ती विरलेली साडी, त्यांचं काय करू?

कागलच्या काकू
रविवार, सायंकाळी ५.१०

साडी आत घाल, चौकोन वर लाव. लहान वाकळ होईल, पोराच्या अंगावर घालण्याएवढी. धावदोरा मी शिकवते, ये एखाद्या दिवशी कागलला.

सुईदोरा, राजारामपुरी
मंगळवार, सकाळी ८.२०

येते काकू, पाऊस जरा ओसरू दे.

पहिली धुलाई झाली, ज्यांना शिवायचा आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. गार पाणी, हातानं, पिळला नाही. रंग कुठंही उतरला नाही. आतली बाजू बाहेर करून योकला धरून वाळत घातला. वाळायला दोन दिवस. वाळल्यावर टेप लावला, उंची साडेपस्तीस. अर्धा इंच आटला, बहुतेक खणामुळे, कारण खणाच्या चौकोनांशेजारी काठ किंचित वर उचललाय. तिथल्या फॉलची टीप उसवून पाव इंच सैल करून पुन्हा मारली, सरळ झाला.